आक्रमक स्तनकर्करोग आणि प्रोटीन कायनेज : संशोधनातील दावा कसा तपासून घ्यावा

‘अमुक एका कायनेजमुळे स्तनाचा आक्रमक कर्करोग फोफावतो आणि ते रोखले की गाठ आटते’ अशा आशयाचे शोधनिबंध आणि त्यांवर बेतलेल्या बातम्या वरचेवर प्रसिद्ध होत असतात. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांना अशा बातमीने आशा वाटणे साहजिक आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात पुढच्या कामाची दिशा दिसते. मात्र यांतले फारच थोडे दावे रुग्णाच्या उपचारापर्यंत पोहोचतात. याचे कारण बहुतेक वेळा संशोधकांचा खोटेपणा नसतो. गाठीत एखादे कायनेज वाढलेले आढळणे आणि ती गाठ त्या कायनेजच्या आधारावर जगत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीवरून दुसरीचा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. असा दावा समोर आला की तो कोणत्या क्रमाने आणि कोणते प्रश्न विचारून पारखावा, हे पुढे सांगितले आहे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या पण बारकाईने वाचायची तयारी असलेल्या वाचकालाही ते जमावे, अशी अपेक्षा आहे.

आधी कायनेजचे काम समजून घ्या

प्रोटीन कायनेज हे एक विकर (एन्झाइम) आहे. पेशीतील ऊर्जेचा साठा असलेल्या एटीपी या रेणूवरचा एक फॉस्फेट गट उचलून तो दुसऱ्या प्रथिनावर बसवणे, एवढेच त्याचे काम. हा गट मुख्यतः सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या तीन अमिनो आम्लांवर बसतो. तो बसला की प्रथिनाचा आकार आणि विद्युतभार बदलतो आणि ते प्रथिन कामाला लागते, थांबते, पेशीत दुसरीकडे जाते किंवा नष्ट होण्याच्या वाटेला लागते. फॉस्फेट काढून घेणारी फॉस्फेटेज नावाची विकरे पेशीत असतातच, त्यामुळे हा बदल उलटवता येतो. या उलटसुलट प्रक्रियेच्या शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी जनुकसंचातील प्रोटीन कायनेजची पहिली सविस्तर मोजदाद २००२ मध्ये झाली, तेव्हा ती सुमारे ५१८ भरली.

पेशीने वाढावे की थांबावे, विभागावे की मरावे, जागा सोडून हलावे की नाही, यांतला जवळजवळ प्रत्येक निर्णय कायनेजच्या साखळ्यांमधून जातो. म्हणूनच कर्करोगाच्या पेशीत कोणत्या ना कोणत्या कायनेजचे काहीतरी बिघडलेले बहुतेक वेळा सापडतेच. बिघाड सापडला, ही बातमीची सुरुवात असते. तिच्यापुढे काय आहे ते वाचावे लागते.

‘आक्रमक’ म्हणजे नेमके काय, ते निबंधातून शोधा

हा शब्द निरनिराळ्या निबंधांत निरनिराळ्या अर्थांनी येतो. कोणी सूक्ष्मदर्शकाखाली ठरवलेल्या ग्रेडला आक्रमकता म्हणतो, कोणी गाठ इतर अवयवांत पसरण्याला, कोणी रुग्ण किती वर्षे जगला याला, तर कोणी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशी जाळीतून किती वेगाने पलीकडे गेल्या यालाही तेच नाव देतो. नॉटिंगहॅम पद्धतीनुसार ग्रेड ठरवताना पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात : पेशी नलिकांसारखी रचना किती राखून आहेत, केंद्रकांचे आकार किती विस्कळीत आहेत आणि किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत आहेत. बेरीज ३ ते ५ असेल तर ग्रेड १, ६ किंवा ७ असेल तर ग्रेड २ आणि ८ किंवा ९ असेल तर ग्रेड ३.

यांतला तिसरा घटक नीट लक्षात ठेवावा, कारण दिशाभूल होण्याचे सर्वांत मोठे कारण तिथेच आहे. ज्या गाठीत विभाजन जोरात चालू आहे, त्या गाठीत विभाजनासाठी लागणारे प्रत्येक प्रथिन जास्त सापडणारच. ऑरोरा-ए आणि पीएलके-१ ही विभाजनात थेट भाग घेणारी कायनेज ग्रेड ३ च्या गाठींत वाढलेली दिसतात आणि अशा गाठी असलेल्या रुग्णांचे आयुष्यमानही कमी असते. त्यामुळे या दोन गोष्टींचा आलेख काढला तर तो हमखास ठसठशीत येतो. त्यावरून एवढेच कळते की वेगाने वाढणाऱ्या गाठी वेगाने वाढतात. म्हणून असा आलेख दिसला की पहिला प्रश्न हा विचारावा : केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींचे प्रमाण दाखवणारी खूण) किंवा ग्रेड यांचा परिणाम वजा केल्यावरही या कायनेजचा संबंध टिकतो का? निबंधात ‘बहुचल विश्लेषण’ या नावाने हा हिशेब दिलेला असतो. तो दिलेला नसेल, तर आलेखाला फार वजन देऊ नये.

त्याच आलेखात ‘जास्त’ आणि ‘कमी’ अशी रुग्णांची विभागणी कोणत्या रेषेवर केली आहे, तेही पाहावे. ही रेषा आधी ठरवलेली असेल किंवा सरळ मध्यकावर असेल तर ठीक. मात्र अनेक रेषा आखून पाहून ज्या ठिकाणी फरक सर्वांत मोठा दिसला तीच निवडली असेल, तर तो फरक योगायोगानेही आलेला असू शकतो. रुग्णांच्या दुसऱ्या, स्वतंत्र गटात तीच रेषा वापरून तोच निष्कर्ष निघाला असेल, तरच त्यावर विश्वास ठेवावा.

गाठीचा प्रकार कोणता, हाही प्रश्न इथेच विचारायचा. इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर (संप्रेरकांचा संदेश घेणारी प्रथिने) आणि हर-२ (याचे वर्णन पुढे येते) हे तिन्ही नसलेल्या गाठींना ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात आणि स्तनकर्करोगांत त्यांचे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के असते. ‘आक्रमक स्तनकर्करोग’ असे लिहिताना पुष्कळ लेखकांच्या मनात हाच प्रकार असतो. मात्र तो एकजिनसी नाही. स्तनाचा सिक्रेटरी कार्सिनोमा हा दुर्मीळ प्रकार सहसा ट्रिपल निगेटिव्हच असतो आणि तो ईटीव्ही-६ व एनटीआरके-३ ही दोन जनुके जोडली गेल्याने तयार झालेल्या एका कायनेजवर चालतो, तरीही त्याची चाल बहुधा संथ असते. कायनेज बिघडलेले असणे आणि गाठ आक्रमक असणे यांचे नाते सरळ रेषेचे नाही, हे या एका उदाहरणावरूनही दिसते.

‘जास्त आहे’ की ‘काम करीत आहे’, हे वेगळे करा

कायनेज मोजण्याचे किमान तीन स्तर आहेत. पहिला त्याच्या आरएनएचा (जनुकावरून उतरलेल्या संदेशाचा), दुसरा प्रत्यक्ष प्रथिनाचा आणि तिसरा त्याच्या कामाचा, म्हणजे त्याने इतर प्रथिनांवर बसवलेल्या फॉस्फेटचा. सार्वजनिक माहितीसाठ्यांवर आधारलेले बरेचसे निबंध पहिल्याच स्तरावर थांबतात, कारण आरएनएची माहिती हजारो गाठींसाठी आयती मिळते. आरएनए वाढले म्हणजे प्रथिन वाढलेच असे नाही. आणि प्रथिन भरपूर असूनही ते निष्क्रिय पडून असू शकते.

तिसरा स्तर सर्वांत उपयोगाचा आणि मोजायला सर्वांत अवघड. फॉस्फेट बसलेल्या जागेलाच चिकटणाऱ्या अँटिबॉडी त्यासाठी वापरतात. अडचण नमुन्याची असते. शस्त्रक्रियेत गाठीचा रक्तपुरवठा तुटला की तिच्या पेशींना ऑक्सिजन मिळेनासा होतो. काही फॉस्फेट झपाट्याने गळून पडतात, तर ताणाला प्रतिसाद देणाऱ्या साखळ्यांमध्ये नवे बसू लागतात. गाठ ट्रेमध्ये किती वेळ पडून होती यावर निष्कर्ष बदलू शकतो. नेहमीच्या हर-२ आणि संप्रेरक-रिसेप्टर चाचण्यांसाठीसुद्धा नमुना काढल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मेलिनमध्ये जावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा, असा दंडक आहे. आणि फॉस्फेट तर प्रथिनापेक्षा कितीतरी नाजूक असते. म्हणून एखाद्या निबंधात ‘या गाठींमध्ये कायनेज सक्रिय आढळले’ असे विधान असेल, तर निबंधातील पद्धतींचा भाग उघडून नमुने कसे आणि किती वेळात गोठवले किंवा बुडवले हे वाचावे. हा भाग रुक्ष असल्याने तो ओलांडून पुढे जाण्याचा मोह होतो, पण निबंधाची खरी ताकद किंवा कमजोरी तिथेच कळते.

हर-२ चा पुरावा कसा उभा राहिला, ते मापदंड म्हणून वापरा

कोणत्याही नव्या दाव्याशेजारी हर-२ ठेवून पाहणे ही मला सर्वांत भरवशाची रीत वाटते, कारण या एका कायनेजच्या बाबतीत पुराव्याचे सगळे धागे एकाच दिशेने गेले. हर-२ हे पेशीच्या पृष्ठभागावरचे टायरोसीन कायनेज आहे. त्याला सक्रिय करणारा स्वतःचा असा बाहेरचा संदेशरेणू सापडलेला नाही. ते शेजारच्या रिसेप्टरशी, विशेषतः हर-३ शी जोडी जमवून काम करते. हर-३ चे स्वतःचे कायनेज फारच दुबळे असते, परंतु हर-२ ने त्याच्यावर फॉस्फेट बसवले की पेशीतली, वाढीचा संदेश पुढे नेणारी पीआय-३ कायनेजची साखळी जोमाने सुरू होते.

१९८७ मध्ये डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की काही गाठींमध्ये या जनुकाच्या प्रती अनेक पटींनी वाढलेल्या असतात आणि अशा रुग्णांमध्ये आजार लवकर उलटतो. हा पुरावा केवळ संबंधाचा होता. त्यानंतर या जनुकाचे उंदरातील रूप उंदरांच्या स्तनग्रंथीत जास्त प्रमाणात व्यक्त केले, तेव्हा तिथे गाठी उद्भवल्या. ज्या सेल लाइनमध्ये (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणात) हर-२ च्या प्रती वाढलेल्या होत्या, त्यांची वाढ हर-२ विरोधी अँटिबॉडीने मंदावली आणि ज्यांमध्ये त्या वाढलेल्या नव्हत्या त्यांच्यावर तिचा परिणाम झाला नाही. शेवटी रुग्णांवरील चाचणीत केमोथेरपीला ट्रॅस्टुझुमॅब या हर-२ विरोधी अँटिबॉडीची जोड दिल्यावर आयुष्य वाढले आणि १९९८ मध्ये या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे लॅपॅटिनिब आणि टुकॅटिनिब ही कायनेजचेच काम थांबवणारी औषधे आली आणि त्यांचाही त्याच गाठींना उपयोग झाला. सुमारे १५ ते २० टक्के स्तनकर्करोग हर-२ पॉझिटिव्ह असतात. एके काळी सर्वांत वाईट समजल्या जाणाऱ्या या गटाचे भवितव्य एका कायनेजच्या नेमक्या ज्ञानाने पालटले, ही आधुनिक कर्करोगशास्त्रातील फार मोठी गोष्ट आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगावी इतक्या मोलाची आहे.

या उदाहरणातील दोन बारकावे नवा दावा वाचताना कामी येतात. पहिला असा की हर-२ च्या बाबतीत ‘कोणाला उपयोग होईल’ हे ठरवणारी चाचणी औषधाबरोबरच उभी राहिली. आयएचसी, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन रंगवून पाहण्याच्या चाचणीत ०, १+, २+ आणि ३+ अशी वर्गवारी असते. दहा टक्क्यांहून अधिक पेशींचे पटल संपूर्ण आणि गडद रंगलेले असेल तर निकाल ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ असेल तर निर्णय लांबणीवर टाकून फिश किंवा तत्सम चाचणीने जनुकाच्या प्रती मोजतात. तिथे हर-२ चे त्याच गुणसूत्रावरील खुणेशी प्रमाण २.० किंवा अधिक आणि प्रतिपेशी सरासरी प्रती ४.० किंवा अधिक असतील, तर निकाल पॉझिटिव्ह धरतात. ज्या कायनेजसाठी रुग्ण निवडण्याची अशी चाचणीच नाही, त्यावरील औषध सर्वांना सरसकट दिले जाते आणि खरा उपयोग होऊ शकणारे थोडे रुग्ण त्या गर्दीत हरवतात.

दुसरा बारकावा असा की कायनेजचा उपयोग लक्ष्य म्हणून होणे आणि पत्ता म्हणून होणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. १+ किंवा फिश-निगेटिव्ह २+ अशा, म्हणजे ‘हर-२ लो’ गाठींमध्ये नुसत्या ट्रॅस्टुझुमॅबचा फायदा मोठ्या चाचणीत दिसला नाही, कारण त्या गाठी हर-२ वर अवलंबून नसतात. तरीही २०२२ पासून अशाच पसरलेल्या गाठींसाठी ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकॅन वापरले जाते आणि त्याचा उपयोग होतो. तिथे अँटिबॉडीला केमोथेरपीचे औषध जोडलेले असते, ते हर-२ ला चिकटून पेशीत शिरते आणि पेशीला मारते. हर-२ चे कायनेज कामावर आहे की नाही याला तिथे फारसे महत्त्व उरत नाही. बातमीत ‘लक्ष्यवेधी औषध’ असे वाचल्यावर ते यांपैकी कोणत्या प्रकारे काम करते, हे पाहावे.

अवलंबित्वाचा प्रयोग कसा केला, ते पारखा

‘हे कायनेज काढून टाकल्यावर पेशी मेल्या’ हे विधान ऐकायला निर्णायक वाटते. ते तितके निर्णायक का नसते, हे मेल्क या कायनेजच्या प्रकरणावरून उत्तम समजते आणि म्हणून ते थोडे तपशिलात पाहू.

मेल्क ट्रिपल निगेटिव्ह गाठींमध्ये जास्त आढळते आणि ते जास्त असलेल्या रुग्णांचे भवितव्य वाईट असते. आरएनए हस्तक्षेपाच्या, म्हणजे जनुकाचा आरएनए अडवण्याच्या तंत्राने त्याचे प्रमाण घटवले की कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असे अनेक प्रयोगशाळांनी नोंदवले होते. त्याला रोखणारे म्हणून ओटीएसएसपी-१६७ नावाचे औषध तयार झाले, त्याने बशीत आणि उंदरांत गाठी आटल्या आणि ते रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. संबंध, अवलंबित्व आणि औषध अशा तिन्ही पायऱ्या पार झाल्यासारख्या वाटत होत्या. २०१७ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील गटाने क्रिस्पर तंत्राने मेल्कचे जनुकच तोडले. ट्रिपल निगेटिव्हसह निरनिराळ्या कर्करोगांच्या पेशी मेल्कशिवाय पूर्वीसारख्याच वाढत राहिल्या. त्याहून बोलका प्रयोग पुढचा होता : मेल्क नसलेल्या त्या पेशींवर ओटीएसएसपी-१६७ टाकले, तरी त्या तितक्याच मेल्या. ज्या लक्ष्यावर औषध काम करते असे म्हटले जात होते, ते लक्ष्यच पेशीत नव्हते. औषध दुसऱ्याच कोणत्या तरी प्रथिनाला अडवून पेशी मारत होते आणि आरएनए हस्तक्षेपाच्या प्रयोगांतही मेल्कखेरीज इतर जनुकांवर परिणाम होत असावा. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानेही स्वतंत्रपणे मेल्क अनावश्यक असल्याचे दाखवले.

या प्रकरणातून वाचकाने घ्यायचे प्रश्न अगदी ठोस आहेत. कायनेज घटवण्यासाठी एकच तंत्र वापरले की एकमेकांपासून स्वतंत्र असलेली दोन? कायनेज काढल्यावर मेलेल्या पेशींमध्ये तेच कायनेज परत घातले, तेव्हा त्या वाचल्या का? आणि त्याच कायनेजचे, एटीपी पकडणारी जागा निकामी केलेले रूप परत घातल्यावर त्या पुन्हा मेल्या का? हा शेवटचा प्रयोग फार मोलाचा आहे, कारण काही कायनेज फॉस्फेट बसवण्याऐवजी इतर प्रथिनांना एकत्र धरून ठेवण्याचे काम करतात; अशा वेळी त्यांची उत्प्रेरक क्रिया थांबवणाऱ्या औषधाचा उपयोग होत नाही. औषध वापरले असेल तर लक्ष्य नसलेल्या पेशींवर ते निरुपद्रवी ठरते का, याचे उत्तर निबंधात असले पाहिजे.

औषधाची मात्राही पाहावी. सगळ्या कायनेजची एटीपी धरणारी खाच बरीच सारखी असल्याने बहुतेक कायनेज-रोधक औषधे मात्रा वाढवली की एकाऐवजी अनेक कायनेजना अडवतात. पेशी मारायला १० मायक्रोमोलार लागले आणि लक्ष्यित कायनेज मात्र त्याच्या हजाराव्या हिश्श्यातच थांबत असेल, तर पेशी दुसऱ्याच कारणाने मेल्या असण्याची शक्यता जास्त. वनस्पतीजन्य द्रव्यांच्या बाबतीत हे विशेष जपावे. जेनिस्टीन टायरोसीन कायनेजना रोखते हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे, पण ते प्रयोगशाळेतील मोठ्या मात्रेत. शिवाय ते इस्ट्रोजेन रिसेप्टरलाही चिकटते. ‘कायनेज रोखणारे नैसर्गिक द्रव्य’ या शब्दांवर विसंबून उपचारात स्वतःहून कशाचीही भर घालू नये.

प्रयोगातील पेशी आणि उंदीर कोणते होते?

ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगावरील असंख्य निबंध एमडीए-एमबी-२३१ या एकाच सेल लाइनवर उभे आहेत. या पेशींत केरास आणि बीराफ या दोन्ही जनुकांमध्ये उत्परिवर्तने आहेत आणि स्तनाच्या कर्करोगात ही दोन्ही विरळाच आढळतात. त्यामुळे या पेशींतील कायनेजच्या साखळ्यांचे वागणे सगळ्या ट्रिपल निगेटिव्ह गाठींना लागू करता येत नाही. एमडीए-एमबी-४३५ ची गोष्ट तर याहून गंभीर आहे : स्तनकर्करोगाच्या प्रसाराचा अभ्यास करण्यासाठी ती वर्षानुवर्षे वापरली गेली आणि नंतर ती मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाची असल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. ज्या निबंधाचा मुख्य निष्कर्ष तिच्यावर आधारलेला आहे, तो स्तनाच्या कर्करोगापुरता बाजूला ठेवावा.

उंदरांबाबत दोनच गोष्टी पाहाव्यात. गाठ त्वचेखाली लावली होती की स्तनग्रंथीच्या जागी, आणि उंदराची प्रतिकारशक्ती शाबूत होती की नव्हती. मानवी पेशी स्वीकारण्यासाठी वापरले जाणारे उंदीर टी-पेशींशिवाय वाढवलेले असतात, त्यामुळे तिथे दिसलेला परिणाम माणसात तसाच दिसेल याची खात्री धरता येत नाही.

रुग्णांवरील चाचणीचा निकाल शोधा आणि गाठीच्या प्रकाराशी ताडून पाहा

ट्रिपल निगेटिव्ह गाठींपैकी जवळपास निम्म्यांमध्ये ईजीएफआर हे टायरोसीन कायनेज पृष्ठभागावर सापडते आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांत त्यावरील औषधे उत्तम काम करतात. साहजिकच त्यांचा इथेही प्रयोग झाला. सिस्प्लॅटिन या केमोथेरपीबरोबर सेटक्सिमॅब ही ईजीएफआर विरोधी अँटिबॉडी दिल्यावर गाठ आटण्याचे प्रमाण १० टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत गेले, पण चाचणीने आधी ठरवलेले उद्दिष्ट गाठले नाही. फुप्फुसाच्या त्या कर्करोगांत ईजीएफआरमध्ये उत्परिवर्तन झालेले असते आणि पेशी त्यावर विसंबून असतात. स्तनाच्या गाठीत ते सहसा नुसते हजर असते.

एकेटीची कथा वेगळी आणि अधिक शिकवणारी आहे. पीआय-३ कायनेजच्या साखळीत पुढे असणारे हे कायनेज ट्रिपल निगेटिव्ह गाठींतही बऱ्याचदा सक्रिय असते. इपॅटासर्टिब या एकेटी-रोधकाने दुसऱ्या टप्प्याच्या लहान चाचणीत आजार काही काळ रोखून धरला; तिसऱ्या टप्प्यातील मोठ्या चाचणीत मात्र, साखळीत बिघाड असलेले ट्रिपल निगेटिव्ह रुग्ण मुद्दाम निवडूनही, तो फायदा दिसला नाही. याउलट संप्रेरक-रिसेप्टर पॉझिटिव्ह आणि हर-२ निगेटिव्ह गाठींमध्ये कॅपिवासर्टिब हे दुसरे एकेटी-रोधक फुल्वेस्ट्रँट या संप्रेरकविरोधी औषधाबरोबर उपयोगी ठरले आणि २०२३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. कायनेज तेच, साखळी तीच, पण गाठीचा प्रकार बदलला की उत्तर बदलते. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यापर्यंतचा निकाल हाती असेल, तर तो आशादायक म्हणून नोंदवून ठेवावा आणि तिसऱ्या टप्प्याची वाट पाहावी.

असे का होते, याचे एक कारण पेशींच्या उलट-प्रतिक्रियेत आहे. एमटॉर हे साखळीत एकेटीच्या पुढचे कायनेज चालू असताना ते साखळीच्या वरच्या टोकाला, आयआरएस-१ या प्रथिनामार्फत, लगाम घालून असते. औषधाने एमटॉर थांबवले की तो लगाम सुटतो आणि एकेटी अधिकच सक्रिय होते. ट्रिपल निगेटिव्ह पेशींत मेक हे कायनेज रोखले, तर काही दिवसांतच अनेक रिसेप्टर कायनेज जास्त प्रमाणात तयार होऊन पेशी पर्यायी वाट शोधतात. म्हणून प्रयोगात पेशी औषधानंतर ७२ तास पाहिल्या की कित्येक आठवडे, याने फार मोठा फरक पडतो.

हे ज्ञान स्वतःच्या किंवा घरच्यांच्या रिपोर्टला कसे लावावे

आजच्या घडीला उपचार ठरवताना कायनेजशी संबंधित मोजक्याच गोष्टी कामी येतात आणि रिपोर्टमध्ये त्या शोधणे अवघड नाही. हर-२ चा उल्लेख वर झाला. संप्रेरक-रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह गाठींमध्ये सीडीके-४ आणि सीडीके-६ यांना रोखणारी पाल्बोसिक्लिब, रिबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही औषधे २०१५ ते २०१७ या काळात आली. ही कायनेज विभाजनाला अटकाव करणाऱ्या आरबी प्रथिनावर फॉस्फेट बसवून पेशीला विभाजनाचे दार मोकळे करून देतात. ज्या गाठीत आरबीच नाहीसे झालेले असते, तिथे ही औषधे चालत नाहीत आणि ट्रिपल निगेटिव्ह गाठींत आरबी गमावलेले असण्याचे प्रमाण मोठे आहे. या औषधांसाठी रिसेप्टरची स्थिती पुरेशी असते, वेगळी जनुकीय चाचणी सहसा लागत नाही.

पीआयके-३-सीए या जनुकाची चाचणी मात्र विचारून घ्यावी. संप्रेरक-रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह गाठींपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये त्यात उत्परिवर्तन असते. ते असेल आणि आजार पसरलेला असेल, तर अल्पेलिसिबसारख्या औषधाचा विचार होतो. हे जनुक ज्या कायनेजचे आहे ते प्रथिनावर नव्हे तर मुख्यतः पेशीपटलातील मेदरेणूंवर फॉस्फेट बसवते, पण त्याच्यापुढची एकेटी आणि एमटॉर ही प्रोटीन कायनेजच आहेत. इन्सुलिनचा संदेशही याच साखळीतून जात असल्याने अल्पेलिसिब घेताना रक्तातील साखर वाढते. मधुमेह असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. चाचणीसाठी पूर्वीच्या शस्त्रक्रियेतील गाठीचा ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) वापरता येतो किंवा रक्तातील गाठीच्या डीएनएवरूनही ती करता येते. रक्ताच्या चाचणीत उत्परिवर्तन सापडले तर ते ग्राह्य धरतात. सापडले नाही तर गाठीचा नमुना तपासून खात्री करतात.

एकाच वेळी अनेक जनुके तपासणाऱ्या मोठ्या जनुकीय पॅनेलच्या रिपोर्टमध्ये याशिवाय पुष्कळ कायनेजची नावे येतात. प्रत्येक नावापुढे पुरावा कोणत्या स्तराचा आहे हे लिहिलेले असते : याच कर्करोगात मान्यता मिळालेले औषध, दुसऱ्या कर्करोगात मान्यता मिळालेले औषध, की केवळ प्रयोगशाळेतील निरीक्षण. आधी तो स्तर वाचावा, मग नाव. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेल्या बदलावरून कोणताही उपचार बदलला जात नाही आणि तो दिसला म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही.

बातमीतील कायनेजबद्दल डॉक्टरांशी बोलायचे असेल, तर मूळ निबंध किंवा त्याचा सारांश सोबत न्यावा आणि प्रश्न नेमके विचारावेत : माझ्या गाठीच्या प्रकारात या कायनेजवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली आहे का, माझ्या नमुन्यात ते तपासता येईल का, आणि तपासून आलेल्या उत्तराने आत्ताच्या उपचारात काही बदल होईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती चाचणी तूर्त करू नये. या औषधावरील रुग्ण-चाचणी चालू असेल, तर प्रवेशाच्या अटी लगेच विचाराव्यात, कारण आधी किती प्रकारची औषधे घेतली आहेत यावर पुष्कळ चाचण्यांत मर्यादा असते आणि पुढची केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी केलेली चौकशी नंतर केलेल्या चौकशीपेक्षा उपयोगी पडते.